मुफद्दलशेठ, बिलं सापडली

मुफद्दलशेठ, तुमची सगळी बिलं मी ठेवली आहेत,
बिस्किटांच्या डब्यात, वरून हेमांगीच्या बटणांच्या पुड्या.
आज रद्दीवाला येणार म्हणून डबा काढला,
आणि नागदेवी स्ट्रीटवरचं तुमचं अडीच हात रुंदीचं दुकान
मांडीवर उघडलं.

कार्बनची निळी नक्कल:
काठी, कोरियन, बारा फुटी.
"रेतीबंदरला बारा फूट कशाला?" तुम्ही म्हणाला होतात,
"मागे झाड, वर तार. हे तुम्हाला लागायचं नाही."
पहिल्याच फेकीला झाडात अडकली.
तार वाचली. म्हणजे मी वाचलो.

रबरी विजार, छातीपर्यंत येणारी, चार हजार.
तेव्हाही तुम्ही मान हलवली होतीत.
ती घालून मी एकदाच उतरलो पाण्यात.
एक लाट वरून आत आली
आणि बाहेर जायला काही तयार होईना.
इनास फरगोसने मला बगलेत धरून खडकावर ओढलं,
पाय वर करून
घागरीसारखा रिकामा केला.

काटा, इलेक्ट्रॉनिक, पन्नास किलोपर्यंत.
पन्नास!
त्याला आजवर टांगलं गेलं ते असं:
पुतणीची दुबईची बॅग,
गावचे तांदूळ,
आणि एकदा रद्दी, जिच्यात दीड किलोची चोरी सापडली.
तेवढीच माझी शिकार.

जपानी लाकडी मासे, नग अकरा.
काचेचे डोळे, पोटाला शिंपल्यासारखी झळाळी,
इतके देखणे की खाऱ्या पाण्यात टाकवेनात.
हेमांगीने शोकेसमध्ये मांडले.
पाहुणे विचारतात, खरे मासे कुठे मिळतात तुम्हाला?
ती सांगते, बाजारात.

आणि इनास?
पावडरच्या डब्याला गुंडाळलेलं तंगूस,
गॅरेजमधून आणलेलं शिसं,
कागदात चार कोळंब्या.
तेवढ्यावर शिंगाळे घेऊन घरी जातो,
माझ्या काठीकडे बघून म्हणतो, "बरी आहे हां,"
जसं दुसऱ्याच्या आजारी मुलाला म्हणावं.

मी महापालिकेचा चावीवाला, शेठ.
पहाटे साडेचारला अर्ध्या माहीमचं पाणी मी सोडतो.
कुठली चावी किती आटे, हाताला पाठ आहे;
पाऊण आटा चुकला तर तिसऱ्या मजल्यावरून शिव्या येतात.
तुमच्या दुकानात शिरलं की
हा हात माझा राहायचा नाही.

एकच वस्तू तुम्ही आपणहून पुढे केली होतीत.
"बाकी सगळं राहू दे, ही पितळी भिंगरी घ्या. बारा रुपये."
मी हसलो. बारा रुपये, भिंगरीला?
विजारीचे चार हजार मोजता मोजता हसलो,
आणि पत्र्याची घेतली, तीन रुपयांची.

पुढचं इनासला विचारा.
भरती चढत होती, अंधार होता,
तंगूस असं कण्हलं की कुत्री उठली.
जिताडा. एकदा पूर्ण आडवा दिसला,
दाराच्या फळीएवढा.
मग हाताला काहीच नाही.
ओढून पाहिलं तर भिंगरी
केसांच्या पिनेसारखी सरळ झालेली.
इनास काही बोलला नाही. विडी दिली.
मी विडी ओढत नाही. ओढली.

आता विजारीचं बिल उलटून बघतोय.
मागे टाचलेली कागदाची पुडी, चिमूटभर.
बिलाच्या तळाशी तुमच्या तिरक्या अक्षरात:
भिंगरी, पितळ, १ नग.
रकमेच्या घरात शून्य.
तारीख जिताड्याच्या आधीची, तीन आठवडे.

म्हणजे त्या पहाटे ती घरातच होती.
बटणांच्या खाली.

दुकान तुम्ही विकलंत असं ऐकलं,
तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगतात.
सांगायला यायचं तर कुठे यायचं?

खाली हाक आली. रद्दीवाला.
मी काटा घेऊन उतरलो. त्याने तो हातात घेतला,
हुक ओढून पाहिला, बटण दाबलं,
लाल आकडा उजळला तसा त्याचा चेहराही.
"काका, विकणार का? किती किलोपर्यंत जातो?"

पन्नास, मी म्हटलं.
पण तुला हा लागायचा नाही.